हाताच्या पुढचा पिक्चर

द्राक्षबागेत मजुरीला येणाऱ्या बायकांच्या टोळीत मधली ओळ मागून मिळत नाही, ती द्यावी लागते. विरळणीच्या दिवसांत, म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढून टाकायच्या दिवसांत, बायका एकेक ओळ धरून पुढं सरकतात. हात वर, मान वर, तोंड मोकळं. या मोकळ्या तोंडाचं काय करायचं, हा प्रश्न बनाबाई मुकादमिणीच्या टोळीनं फार पूर्वीच सोडवला. जिला गोष्ट सांगता येते तिनं मधल्या ओळीत उभं राहायचं. सांगता सांगता तिचे हात थांबणार, हे धरूनच चालायचं. डाव्या-उजव्या ओळीतल्या बायकांनी वेलीखालून हात घालून तिचे राहिलेले घड उरकायचे. तासगाव भागातल्या एका बागायतदारानं एकदा बनाबाईला विचारलं होतं, "ती मधली बाई नुसती हातवारे करतीया, तिला मजुरी कशाची?" बनाबाई म्हणाली, "ती गप बसली तर बाकीच्या बोलत्याल. मग बघा तुमची बाग कवा उरकती ती."

ही मधली ओळ गेले कित्येक हंगाम हरणाबाईकडं आहे. माणदेशातली, म्हसवडच्या पलीकडच्या वस्तीवरची. पंचेचाळिशी ओलांडलेली, अंगानं वाळकी, आवाजानं भरदार. घरी नवरा मल्हार मेंढरं राखतो. दिवाळी झाली की ती टोळीबरोबर पिकअपमध्ये बसून सांगली जिल्ह्यात उतरते आणि संक्रांतीच्या पुढंमागं परत जाते. बाप नानासो, तोही मेंढक्या. हरणाबाईचं बालपण कळपामागं गेलं, त्यामुळं शाळा राहिली. सह्या आणि एसटीच्या पाट्या वाचण्यापुरती अक्षरं तिनं पुढं लेकीच्या पुस्तकातून उचलली. पिक्चर मात्र तिनं एकदा पाहिला की तिच्या पोटात जातो आणि आवाजासकट बाहेर येतो. ती तोंडानं दार वाजवते. तिच्या तोंडचं कुलूप उघडताना किल्ली दोनदा फिरते आणि दुसऱ्या वेळी अडकते. वारा सुटला की शेजारच्या ओळीतल्या बायका पदर सावरतात.

तिच्याजवळ सासू-सुनांचे पिक्चर आहेत, डाकूंचे आहेत, नागिणीचे तर ढीगभर. पण टोळीचा लाडका एकच, हाताचा पिक्चर. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही, हरणाबाईलाही नाही. तो ती असा सांगते:

विहिरीवर एक मोठा दगड. दगड आपोआप सरकतो. आतून नवरीच्या शालूतली बाई वर येते, पाय उलटे. येते ती थेट आचाऱ्याच्या मागं उभी. आचारी मेला. मग दिवाण मेला, मग हवेलीचा ठाकूर, मग हिरोचा दोस्त. शेवटी हवेली पेटते आणि हिरो-हिरोईनसुद्धा एकमेकांचा हात धरून जळून जातात. धूर, राख, कोल्हेकुई. आणि मग पडद्यावर एक हात येतो. काळा, पाच बोटांचा, हवेलीहून मोठा. हवेली मुठीत घेतो, सगळा अंधार होतो, आणि—

"मध्यंतर!" हरणाबाई ओरडते. इथं नव्या आलेल्या पोरींच्या हातातून कात्र्या पडतात.

"फुडं काय हुतंय, हरणाक्का?"

"फुडचं म्या बघितलं न्हाई."

यात लपवाछपवी काही नाही. तिनं अर्धाच पिक्चर पाहिलाय हे टोळीत सर्वांना माहीत आहे. लहान असताना म्हसवडच्या यात्रेत, रथाच्या दिवशी, नानासोंनी तिला सिनेमाच्या तंबूत नेलं होतं. नानासोंचाही तो पहिलाच पिक्चर. हात आला, अंधार झाला, भोंग्यावर कुणी तरी "मध्यंतर, मध्यंतर, भजी गरम हायत!" असं ओरडलं आणि लोक उठले. मध्यंतर हा प्रकार नानासोंना माहीत नव्हता. त्यांनी पाहिलं तर पडदा पांढरा, माणसं दाराकडं निघालेली. त्यांनी घोंगडं खांद्यावर टाकलं.

"चला, झाला."

"आप्पा, अजून हाय म्हंत्यात."

"काय हाय? समदी मेली. कोण ऱ्हायलंय?"

पोरगी रडत बाहेर आली आणि भजीसुद्धा मिळाली नाहीत.

पुढं ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती टोळीत आली, आणि नानासोंचा सवाल टोळीनं अंगावर घेतला. सगळी मेल्यावर उरलेल्या अर्ध्या पिक्चरमध्ये काय असेल? दर हंगामाला नवा उतारा निघाला. एका वर्षी मेलेल्या सगळ्यांची भुतं झाली आणि त्यांनी मूळ भुताला हवेलीतून हाकललं. एकदा हिरोचा जुळा भाऊ मिलिटरीतून सुट्टीवर आला. जतकडची एक बाई टोळीत होती, तिनं कानडी बोलणारा मांत्रिक आणला. त्याचं कुणाला काही कळलं नाही म्हणून भूत कंटाळून गेलं. कोरोनाच्या वर्षी त्या काळ्या हाताला साबण लावण्यात आला. बायका हसून हसून ओळीत खाली बसल्या आणि बागायतदारानं मोटार थांबवून चौकशी केली.

दोन हंगामांपूर्वी टोळीत दगडाबाई आली आणि खेळ फिरला. दगडाबाई म्हणजे कात्रीचं मशीन. तिची ओळ सगळ्यांच्या आधी संपते, म्हणून तिला कडेची ओळ दिलेली. कडेला गोष्ट पोचत नाही, नुसत्या किंकाळ्या पोचतात. दोन हंगाम नुसत्या किंकाळ्या ऐकल्यावर माणसाचं डोकं कसं होतं ते दगडाबाईकडं पाहून कळावं. तिच्याजवळ फोनवरच्या मालिकांचा साठा होता आणि तो सांगायला तिला मधली ओळ हवी होती. या वर्षी तिनं सरळ बोट ठेवलं.

"हरणाबाई, तुझा पिक्चर संपलेला हाय. समदी मेली म्हंजे संपला. कोण ऱ्हायलंय?"

हरणाबाईनं वळून पाहिलं. शब्दही तेच, सूरही तेच. जणू आप्पाच कडेच्या ओळीतून बोलले.

"मध्यंतर म्हनलं हुतं भोंग्यावर. म्या माज्या कानानं ऐकलंय."

"भजी खपवायला म्हनला आसंल."

बनाबाईनं दोघींकडं पाहिलं. टोळीत भांडण झालं की ते चुलीपर्यंत जातं आणि चूल टोळीची एकच, म्हणून तिनं तिथल्या तिथं तोडगा काढला. हाताच्या पुढं पिक्चरमध्ये काही तरी आहे असं कळलं, तर मधली ओळ हरणाबाईची, पुन्हा कुणी नाव काढायचं नाही. काही नाही असं कळलं, तर दगडाबाईची. कळणार कसं, याचा विचार बनाबाईनं केला नाही. भांडण मिटलं, तिच्या दृष्टीनं एवढं पुरे होतं.

पुढच्या रविवारी हरणाबाईची लेक प्रांजल बागेत आली. ती सांगलीला कॉलेजात पत्रकारिता शिकते आणि माधवनगरला खोली घेऊन राहते. सुट्टीच्या दिवशी ती आईजवळ येते, एक जादा कात्री हातात घेते आणि एका घडातले सगळेच मणी काढून टाकते, म्हणून बनाबाई तिला पाणी आणायला पाठवते. या खेपेला तिच्या सरांनी काम दिलं होतं: एखादा जुना भयपट घ्या आणि त्याची रचना उलगडून दाखवा. प्रांजलनं आईचाच पिक्चर निवडला होता.

"आये, कुठलीबी गोष्ट घे. आधी घडी बसलेली असती. मग ती विस्कटती. मग शेवटाला नवी घडी बसती."

"कशाची घडी? लुगड्याची?"

"जगण्याची गं."

"कुनी सांगितलं ह्ये?"

"परदेशातल्या एका अभ्यासकानं."

"त्यो घरात घड्या घालतू का?" उजव्या ओळीतून कुणी तरी विचारलं आणि सगळ्या ओळी खदखदल्या.

पण घडीची गोष्ट बायकांना पटली. पटली म्हणजे हातातच घेतली. जिनं तिनं ती स्वतःला लावून बघितली. एक म्हणाली, "माज्या लग्नाला लाव की." तर शेजारची म्हणाली, "तुजी घडी बसलीच कवा, विस्कटायला?" बनाबाईनं ती आपल्या तीन सुनांना लावली आणि तिसऱ्या सुनेपाशी नुसती मान हलवली. प्रांजलच्या सरांना वर्गात एवढा प्रतिसाद कधी मिळाला नसेल.

"आता तुझ्या पिक्चरला लावू," प्रांजल म्हणाली. "पहिली घडी कुठाय?"

"म्हंजे?"

"पिक्चर सुरू होतो तेव्हा दगड सरकतो. त्याच्या आधी काय? हवेलीत कोण राहतं, एकमेकांचं कोण लागतं, ती बाई विहिरीत कशी गेली? तुझा आचारी आल्या आल्या मरतो. मला त्याचं काय वाटायला पाहिजे?"

"वंगाळ वाटाया पायजे."

"का? मी ओळखती का त्याला?"

हरणाबाईची कात्री थांबली. आजवर तिनं त्या आचाऱ्याला शेकडो वेळा मारलं होतं, पण तो कोण, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

प्रांजलचा आवाज चढत चालला. वर्गात न सुटलेलं गणित बागेत सुटायला लागलं की होतं तसं तिचं झालं होतं. "बघ, घडी बसलेली नाहीच. सरळ विस्कटलेलं हाय, मग आणखी विस्कटलेलं, मग आग, मग राख. आये, तुझा पिक्चर शेवटापासून सुरू होतोय! आणि आग लागून सगळे मेले म्हणजे तो संपतोय. पुढं काय उरतच नाही."

हे ऐकल्यावर, जिला किंकाळ्यांशिवाय काही ऐकू जात नव्हतं, त्या कडेच्या ओळीतून आवाज आला, "ऐकलंसा का बायांनो? शिकल्याली पोरगी काय म्हंती ती!"

"प्रांजे," हरणाबाई म्हणाली, "माज्या पोटची तू, आन् दगडाबाईच्या ओळीत जाऊन हुबी ऱ्हायलीस व्हय गं?"

"तसं नाही आये, शास्त्र तसं आहे."

"शास्तर ठेव गुंडाळून. हाताचं सांग. हात कुनाचा?"

आता प्रांजल अडली. तिनं एका घडातले सगळे मणी काढून टाकले, तरी तिला ते कळलं नाही. शेवटी म्हणाली, "हात हीच पंचाईत हाय. एवढी मोठी वस्तू पडद्यावर आली तर तिचं पुढं काही तरी झालं पाहिजे. हात नसता तर पिक्चर संपला होता. हात हाय म्हणजे पुढं काय तरी हाय."

"बघ!" हरणाबाई कडेच्या ओळीकडं ओरडली.

"हात हाय का न्हाई ते कोण सांगणार? बघितलाय तू एकटीनंच!" तिकडून उत्तर आलं.

अशी मधली ओळ त्या एका हातावर येऊन टेकली. पुढचे काही दिवस हरणाबाईनं नागिणीचे पिक्चर काढले, पण नागिणीत फुत्कार नव्हता. दार नुसतं उघडलं, वाजलं नाही. दोन्ही बाजूंच्या बायका तिचे घड उरकत होत्या आणि ते घड आपल्याला मोजून दिल्यासारखे तिला वाटत होते. हात आपण खरंच पाहिला का? का लहानपणी रडता रडता डोळ्यांपुढं आला तो आपलाच हात? मधली ओळ गेली तर कडेची मिळणार. कडेच्या ओळीत बोलणाऱ्या बाईचं ऐकायला एका बाजूला नुसता ऊस असतो.

प्रांजलनं मात्र नाद सोडला नव्हता. माधवनगरात तिच्या खोलीजवळ फारूकचं दुकान आहे. तो मोबाइल दुरुस्त करतो आणि लग्नकार्यात प्रोजेक्टर, पडदे भाड्यानं लावतो. फोनची काच बदलायला ती तिथं गेली असताना भिंतीवर तिला एक फोटो दिसला. मोठा तंबू, बाहेर भोंगा, खांबाला टेकलेला कुरळ्या केसांचा एक माणूस. तोच माणूस, केस वजा होऊन, फोटोखाली खुर्चीत बसला होता. फारूकचे वडील, बादशहाचाचा. सगळ्या हयातीत सातारा-सांगलीतल्या जत्रा त्यांनी तंबू घेऊन केल्या होत्या.

"चाचा, म्हसवडला पण जायचा?"

"रथाला गेलो न्हाई असं एक साल न्हाई, बेटा."

तिनं विहीर सांगितली, शालू सांगितला, आचारी सांगितला. चाचांनी नाव चटकन सांगितलं, फारूकनं ते इंटरनेटवर शोधून काढलं. मग तिनं हाताचं विचारलं. चाचा हसायला लागले. इतके हसले की फारूकनं पाणी आणलं. "हे असं सांगायचं काम न्हाई," ते म्हणाले. "तुज्या आईलाच येऊन सांगतो."

या भागात अमावस्येला मजूर कामाला जात नाहीत. बागेतली अमुशा म्हणजे कपडे धुण्याचा, डोक्याला तेल लावण्याचा दिवस. त्या अमुशेला दुपारी फारूक वडिलांना आणि प्रांजलला घेऊन गाडीतून आला. द्राक्षं भरायची शेड अजून रिकामी होती. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या, एका भिंतीला चादर ताणली, समोर फारूकचा प्रोजेक्टर ठेवला. बागायतदारही येऊन मागं उभा राहिला, शेड माझी आहे म्हणून.

"अमुशाला भुताचा पिक्चर!" दगडाबाई म्हणाली. "चांगलं लक्षण हाय." पण जागा तिनं पुढची धरली.

चाचांना प्लॅस्टिकची खुर्ची दिली, चहा दिला. हरणाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"चाचा, त्यो हात कुनाचा?"

चाचांनी कपबशी खाली ठेवली आणि उजवा हात पुढं केला. "हा. माजा."

हरणाबाई वाकून पाहायला लागली. सुरकुतलेला, डागाडागांचा, करंगळीत चांदीची अंगठी. त्या हातानं एक हवेली गिळली होती. त्या हाताला भिऊन ती लहानपणी कळपाच्या मधोमध झोपायची.

"एवढासाच?" ती म्हणाली.

"लाइटीपुढं धरल्यावर मोठा हुतो," चाचा जवळजवळ माफी मागत म्हणाले. "आवं, हवेली जळाली की पडद्यावर 'समाप्त' अशी पाटी यायची. ती पब्लिकला दिसू नये म्हणून मी मशीनपुढं हात घालायचो."

"समाप्त!" दगडाबाई ताडकन उठली. "ऐकलंसा का? समाप्त! संपला पिक्चर! म्या काय म्हनत हुती? बनाआत्ती, ओळ माजी!" तिनं प्रोजेक्टरच्या उजेडात एक गिरकी घेतली आणि चादरीवर तिची अवाढव्य सावली नाचली. हरणाबाई खाली बसली.

"संपला कुठं?" चाचा म्हणाले. "बसा की बाई. मागनं दुसरा अर्धा दावायचो की."

गिरकी मध्येच थांबली.

"पाटी आल्यावर कसला दुसरा अर्धा?"

"पयला अर्धा." चाचांनी चहा संपवला. "रथाच्या दिवशी पब्लिकला दम नसतो. पिक्चरच्या सुरवातीला गाणी, लगीन, हसवणूक. तंबूबाहेर गाणी ऐकून कोण आत येतंय? बाहेर किंकाळी ऐकू गेली पायजे. म्हणून रथाला मी भुताचा अर्धा आदी लावायचो. मग भोंग्यावर मध्यंतर सांगायचं, आन् भजी खाऊन आलेल्या माणसांना गाणी."

"कुनी भांडलं न्हाई?" बनाबाईनं विचारलं.

"एक जण भांडला. म्हनला, मेलेला आचारी जित्ता कसा झाला? मी म्हनलं, यात्रेत माणसं हरवत्यात तशी सापडत्यात बी."

प्रांजल उड्या मारायला लागली. "शेवटापासून सुरू होतोय! मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं, आये?" तिनं आईला उठवलं, आईनं तिला धरलं आणि दोघींनी दगडाबाईची राहिलेली गिरकी पुरी केली. नानासोंचंही बरोबर निघालं होतं, पिक्चर संपलाच होता. तंबूतून रडत निघालेल्या त्यांच्या पोरीचंही बरोबर निघालं होतं, अजून अर्धा होताच. आता अडचण एवढीच होती की दगडाबाईचंही बरोबर निघालं होतं.

"पाटी आली म्हंजे शेवट," ती म्हणाली. "नंतर सुरवात दावली म्हनून शेवट सरकत न्हाई."

"हाताच्या फुडं काय तरी हाय का, असं ठरलं हुतं," हरणाबाई म्हणाली. "हाय. पयला अर्धा हाय."

"आवं, पयला म्हंजे अदुगरचा!"

"तंबूत फुडं आला का मागं?"

बनाबाईनं दोन्ही हात वर केले. "आदी बघू द्या. निकाल मागनं."

फारूकनं पिक्चर पहिल्यापासून लावला. हरणाबाईनं चादरीपुढं जाऊन पदर पसरला. "आदी माजा अर्धा."

"मावशी, उलटा पिक्चर कोण बघतंय का?"

"तुज्या बापानं दावलाय," चाचा म्हणाले. "गप लाव."

तर हरणाबाईचा अर्धा आधी लागला. दगड सरकला. बायकांना हा पिक्चर फ्रेमन् फ्रेम पाठ होता, त्यामुळं त्या पिक्चरच्याच चुका काढायला लागल्या. पाय उलटे नव्हते. दार उघडलं पण वाजलं नाही. "काय दार हाय का काय ह्ये!" म्हणून कुणी तरी हळहळलं, तेव्हा हरणाबाईनं बसल्या जागेवरून दार वाजवलं आणि पुढचा सगळा अर्धा फारूकच्या स्पीकरबरोबर तिचा आवाज चालला. हवेली पेटली, हिरो-हिरोईन जळाली, आणि पाटी यायच्या क्षणाला चाचा खुर्चीतून उठले, प्रोजेक्टरपुढं गेले आणि त्यांनी हात घातला.

चादरीवर पाच काळी बोटं उभी राहिली. टोळीतल्या प्रत्येक बाईला हात कुणाचा हे ठाऊक होतं, हात घालणारा म्हातारा डोळ्यांपुढं उभा होता, तरी अशी किंकाळी फुटली की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बागायतदार बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला.

"मध्यंतर!" चाचा जुन्या आवाजात ओरडले. "भजी गरम हायत!" भजी नव्हती. बायकांनी शेंगदाणे वाटून घेतले.

मग दुसरा, म्हणजे पहिला अर्धा लागला. पिक्चरचं नाव आलं. ते लांबलचक होतं, त्यात हवेली होती आणि रातही होती. कुणी लक्षात ठेवलं नाही, कारण नावामागून एक टांगा आला आणि टांग्यातून आचारी उतरला. चालता बोलता, हातात कढई.

"आला गं! आचारी आला!"

बायका उठून उभ्या राहिल्या. माहेरचं माणूस आल्यासारखा गलका झाला. आणि आचारी निघाला पिक्चरमधला सगळ्यात मजेदार माणूस. बेडकाला भिऊन तो पिठाच्या डब्यात बसला. दिवाणाच्या ताटात त्यानं मिठाऐवजी खडीसाखर घातली. दगडाबाई इतकी हसली की तिला शेजारणीच्या मांडीवर डोकं टेकावं लागलं. हरणाबाई एकटक बघत होती. इतकी वर्षं ती या माणसाला दोन शब्दांत मारत आली होती.

हिरो-हिरोईनचं लग्न लागलं. जळालेले, बुडालेले, मान मुरगळलेले सगळे मांडवात नाचले. आचारी लाडवाचं ताट डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या मधून फिरला, आणि मग लाडू खाऊन तहान लागली म्हणून घागर घेऊन विहिरीकडं निघाला. विहिरीवर दगड होता. त्यानं घागर खाली ठेवली आणि दगडाला हात लावला.

"आरं बाबा, नगं!" दगडाबाई ओरडली. "तिकडं जाऊ नगं! सांगा की गं कुनी तरी त्याला!"

पडदा काळा झाला. "हितं खरं मध्यंतर हाय," फारूक म्हणाला आणि त्यानं दिवा लावला.

दगडाबाईचे डोळे भरले होते. प्रांजल तिच्याशेजारी बसून हळूच म्हणाली, "मावशी, आता ओळखतोय आपण त्याला." दगडाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि तिला कोपरानं ढोसलं.

बनाबाई निकाल द्यायला उभी राहिली. निकाल लांबला नाही. "हात आला. हाताच्या फुडं आचारी आला. सगळ्यांनी बघितला. आता कुनाला काय म्हनायचं असंल तर त्यानं आचाऱ्याला इचारावं." ओळ हरणाबाईची झाली. चाचांनी टाळ्या वाजवल्या आणि बायकांनी त्यांचा हात आळीपाळीनं धरून बघितला.

दुसऱ्या दिवशी टोळी बागेत उतरली. हरणाबाई मधल्या ओळीत जाऊन उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की ओळ मिळाली, पण पिक्चर संपला. दोन्ही अर्धे सगळ्यांनी पाहिले होते. आता काय सांगायचं? कात्र्यांची करकर तेवढी ऐकू येत होती. तिनं नागिणीला आठवून पाहिलं.

उजव्या ओळीत कुणी तरी आलं. पाहते तर दगडाबाई. कडेची ओळ तिनं दुसरीला देऊन टाकली होती.

"हितं काय करतीस गं?"

"तिकडं ऐकू येत न्हाई. आचाऱ्याचं सांग."

"काय सांगू? मेला की त्यो. काल बघितलास की."

"त्यो आदी मेला," दगडाबाई म्हणाली. "मग जित्ता झाला, मग त्यानं दगडाला हात लावला. तुज्याच उलट्या पिक्चरच्या हिशेबानं चाललीया मी. आता दगडाला हात लावून हुबा हाय त्यो. फुडं?"

हरणाबाईनं आजूबाजूला पाहिलं. डाव्या ओळीतल्या कात्र्याही थांबल्या होत्या. तिनं घसा साफ केला.

"दगुड लय जड हुता," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून दगड सरकायला लागला, खरडत, करकरत, मध्येच अडकत. तिचे हात हवेत राहिले. वेलीखालून दगडाबाईचा हात आला आणि त्यानं तिचा घड धरला.

"ह्यो मी बघती," दगडाबाई म्हणाली. "तू हात नगं लावूस. त्याला बी लावू दिऊ नगंस."